अप्पा, शपथ तुम्ही घातली नव्हती

अप्पा,

आज अठरावा दिवस. घरात अजून माणसं येतात. बसतात, पाणी घेतात, भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघतात आणि म्हणतात, "चांगलं मरण आलं, कुणाकडून काही करून घ्यावं लागलं नाही." मी मान हलवते. परवा खालच्या मजल्यावरचे काका महेशला म्हणाले, "तुमचे वडील म्हणजे ते शटरवाले ना?" महेश हो म्हणाला. मला मात्र तिथल्या तिथे तुमचा आवाज ऐकू आला. शटर म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही. "शटर गुंडाळतो. आपला दरवाजा चढतो," असं तुम्ही दर वेळी समजावून सांगायचात, समोरच्याला त्यात काडीचा रस नसला तरी.

आनंदनगरच्या कारखान्यांत माल भरायच्या जागी असतात ते दरवाजे. आडव्या पट्ट्या जोडून केलेले, रुळांवरून वर सरकत जाऊन छताखाली आडवे पडणारे. बंगल्यांच्या गॅरेजला असतात ती त्यांचीच लहान भावंडं. लग्न होऊन बदलापूरला आले तेव्हा मला वाटायचं की वरची मोटर दरवाजा उचलते. तुम्ही एकदा जेवताना ताटात दाखवलंत. वर मधोमध स्प्रिंग, तिच्या दोन बाजूंना दोन चाकं, आणि प्रत्येक चाकावरून खाली येऊन दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यात अडकवलेला एकेक पोलादी दोर. "मोटार नुसती ढकलते. वजन दोरावर." भाताच्या शितांचा दोर काढून झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता जेवा."

मी तेव्हा घरी शिवणकाम करायचे. त्या दुपारी तुम्ही गॅलरीत कुठल्याशा कारखान्यातून काढून आणलेला जुना दोर मांडीवर घेऊन बसला होतात आणि मी समोर ब्लाउजला हुक लावत होते. दोरावरून तुम्ही फडकं फिरवत होतात. तार तुटलेली असली की फडक्याचा धागा तिथे अडकतो, ही तुमची जुनी रीत. शेवटपर्यंत फडकं फिरवून झालं आणि तुम्ही म्हणालात, "ह्यो अजून वरीसभर गेला असता. उगाच काढला."

मी सुई न थांबवता म्हणाले, "अप्पा, इथे तीन तारा तुटल्यात की."

"कुठं?"

"तुमच्या गुडघ्यापाशी."

तुम्ही दोर डोळ्यांजवळ नेलात. मग लांब धरलात. मग उजेडाकडे वळवलात. शेवटी मी उठून सुईचं टोक त्या जागी टेकवलं आणि तुम्ही सुईवरून बोट खाली आणलंत. तारा बोटाला टोचल्या. तुम्ही दोर गुंडाळून ठेवलात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना महेशला म्हणालात, "वैशालीला माझ्याबरोबर येऊ दे. शिडी धरायला माणूस लागतो." महेश ऑफिसला निघायच्या गडबडीत होता. "तिला विचारा, मला काय विचारता," म्हणाला आणि गेला.

तुम्ही मला विचारलंत. मी हो म्हणाले. तन्वी तेव्हा पहिलीत होती, घरी सासूबाई होत्या, आणि मला चार भिंतींचा इतका कंटाळा आला होता की तुम्ही विहिरीत उतरायला बोलावलं असतंत तरी मी आले असते.

सुरुवातीला मी खरंच शिडी धरायचे. कारखान्यातली माणसं मला तुमची मुलगी समजायची आणि तुम्ही त्यांना दुरुस्त करायचात. "सून हाय. माझ्यापेक्षा नजर चांगली." ते हसायचे, त्यांना वाटायचं म्हातारा कौतुक करतोय. हळूहळू काम आपोआप वाटलं गेलं. मी आधी चढायचे, वरच्या चाकापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत दोर इंचाइंचाने बघायचे, कुठे तार सुटली आहे, कुठे गंज आत शिरला आहे ते सांगायचे. मग तुम्ही वर जायचात आणि तुमचे हात पुढचं सगळं करायचे. केमिकलच्या कारखान्यांत दोर लवकर जायचा. तिथल्या हवेने लोखंड आतून पोखरतं, वरून ग्रीस लावलेला दोर चकचकीत दिसतो आणि आत भुसा झालेला असतो. ते ओळखायला तुम्हीच मला शिकवलंत, पण तोवर तुम्हाला स्वतःला ते दिसत नव्हतं.

दोर घ्यायला आपण उल्हासनगरला हरेशभाईंकडे जायचो. ते दर वेळी स्वस्तातलं रीळ पुढे करायचे. "चाचा, ये ले जाओ. सब यही ले जाते हैं."

"सब का दरवाजा सब जाने," असं म्हणून तुम्ही ते मागे सरकवायचात. एकदा मी चांगल्या रिळाचाही दोर सोडून बघायला लागले आणि आतल्या वेटोळ्याला ओल लागून तांबूस झालेलं निघालं. हरेशभाईंनी ते रीळ मुकाट्याने आत नेलं आणि तुम्हाला म्हणाले, "साईं, तुम्हारी बहू तो तुमसे भी सख्त है." बाहेर आल्यावर तुम्ही मला शेवपुरी खाऊ घातलीत. तुम्ही स्वतः खाल्ली नाहीत, फक्त मी खाताना बघत उभे राहिलात.

दोन्ही बाजूंचे दोर एकदमच बदलायचे, हा तुमचा हट्ट. एका बाजूचा झिजला असला आणि मालक म्हणाला की तेवढाच बदला, तर तुम्ही हत्यारं पिशवीत भरायला लागायचात. "एक बैल म्हातारा न् एक खोंड, नांगर सरळ चालंल का?" मला वाटायचं, गिऱ्हाईक तोडायची ही काय पद्धत. मी म्हणायचे, "अप्पा, दुसऱ्या बाजूचा चांगला असतो कधीकधी." तुम्ही म्हणायचात, "चांगला दिसतो." तो वाद आपण किती वेळा घातला असेल. हरले मीच दर वेळी, पण पटलं मात्र फार उशिरा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आपण दोघंच गेलो होतो. घरी सांगितलं होतं, दोर आणायला चाललोय. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषध घालून जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर तुम्ही ग्लास हातात धरून बसलात. मग म्हणालात, "महेशला नको सांगू. त्यो घरी बसवील."

मी म्हणाले, "बरं."

इतकंच झालं, अप्पा. तुम्ही एकदा म्हणालात आणि मी एकदा बरं म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तुमच्या त्या मान वळवून बघायच्या पद्धतीने, आणि रस पिऊन टाकलात.

त्यानंतर तीन वर्षं आपण दोघं मिळून एक माणूस होऊन काम केलं. मी बघणार, तुम्ही करणार. फक्त स्प्रिंगला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. दोर बदलायचा तर आधी स्प्रिंगचा पीळ सोडावा लागतो, दोन सळया आळीपाळीने घालून, पाव पाव फेऱ्याने. सळई निसटली तर माणसाचा जबडा जातो. तुम्ही ते काम जवळजवळ डोळे मिटूनच करायचात. मी म्हणाले, "मला शिकवा."

"नाय."

"बाई म्हणून?"

"तुझी पोर लहान हाय म्हणून."

"तुम्ही शिकलात तेव्हा महेश केवढा होता?"

पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललात.

आता त्या आठवड्याबद्दल लिहायला हवं.

तन्वीला ताप होता आणि मी घरी थांबले होते. आनंदनगरच्या पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातून सुपरवायझर पवारांचा फोन आला की दरवाजा चढताना आवाज करतोय, बघून जा. मी म्हणाले, "अप्पा, उद्या जाऊ दोघं." तुम्ही म्हणालात, "आवाजाचा काम हाय, कानानी व्हईल." मी अडवलं नाही. तापाच्या पोरीच्या कपाळावर पट्टी बदलत मी तुम्हाला पिशवी उचलून जाताना बघितलं. तुम्ही रूळ साफ केलेत, चाकांना तेल दिलंत, दोरांवरून फडकं फिरवलंत आणि पवारांना सांगून आलात की सगळं ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूचा दोर खालच्या कोपऱ्यात तुटला. जिथे तो दरवाजाला अडकवलेला असतो तिथे फडकं पोचत नाही, तिथे बघावंच लागतं. दरवाजा वर होता. एक बाजू सुटल्यावर तो तिरका झाला आणि तो कोपरा खाली आला. खालून तिथला हमाल शंकर हातगाडी घेऊन चालला होता. त्याच्या खांद्यावर बसला. डोक्यावर बसला असता तर काय, हे मी अजून पूर्ण मनात आणू शकत नाही.

आपण पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दरवाजा तसाच वाकडा अडकून राहिला होता आणि आजूबाजूला सात-आठ माणसं उभी होती. पवार भले गृहस्थ. त्यांनी स्वतःच तुमच्यासाठी वाट काढून ठेवली होती. म्हणाले, "सकाळी एक टेम्पो मागे घेताना दरवाजाला लागला होता. त्यानेच दोर ताणला असणार. तुम्ही परवा तर बघून गेलात."

मी तुमच्या मागे उभी होते. मला वाटलं, सुटलो. खरं सांगते, अप्पा, मला शंकरची आठवण त्याच्यानंतर आली.

तुम्ही पुढे झालात, त्या तुटलेल्या टोकावर हात फिरवलात आणि म्हणालात, "टेम्पोचा काय नाय यात. गंजून तुटला हाय. परवाच दिसायला पायजे व्हता." पवार म्हणाले, "अहो अप्पा, होतं असं." आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "मना दिसत नाय. तीन वर्सं झाली. ही बघते न् मी करतो. परवा ही नव्हती. मी एकटा आलो, ती माझी चूक."

लग्नानंतर कितीतरी दिवस मला तुमच्या त्या 'मना' शब्दाचं हसू यायचं. आमच्याकडे देशावर 'मला' म्हणतात. त्या दिवसापासून नाही आलं.

परत येताना रिक्षात मी तुमच्यावर चिडले. मी म्हणाले, "सांगायची काय गरज होती? त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. आता आपल्याला काम कोण देणार?" तुम्ही बाहेर बघत होतात. फॉरेस्ट नाक्याच्या पुढे आल्यावर म्हणालात, "मग टेम्पोवाल्याला घालवला असता त्यांनी. त्याचा काय?" मला टेम्पोवाला सुचलाच नव्हता. तरी मी म्हणाले, "त्याचं त्याने बघितलं असतं." हा आपला दुसरा वाद, आणि तो मी अजून मागे घेतलेला नाही. तुम्हाला सांगायचं राहून गेलं की त्या दिवशी घरी आल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते, आणि ते कामासाठी नव्हतं.

महेशला दोन दिवसांनी बाहेरून कळलं. तो तुमच्यावर ओरडला नाही, माझ्यावर ओरडला. "तुला माहीत होतं. तीन वर्षं. तू त्यांना शिडीवर चढू दिलंस." तेव्हा तुम्ही आतल्या खोलीतून भिंतीला हात लावत आलात आणि म्हणालात, "मी तिला शपथ घातली व्हती. तन्वीच्या डोक्यावर हात ठेवून. ती काय करील?"

महेश खाली बसला. सासूबाई म्हणाल्या, "पोरीची शपथ घालतात का हो?" आणि तुम्ही ऐकून घेतलंत. पुढे कितीतरी दिवस त्या तुमच्याशी धड बोलल्या नाहीत.

अप्पा, तुम्ही शपथ घातली नव्हती. तुम्ही नुसतं म्हणाला होतात की सांगू नको. मी बरं म्हणाले ते तुमच्यासाठी जेवढं होतं त्याच्यापेक्षा जास्त माझ्यासाठी होतं. तुम्ही घरी बसला असतात तर मीही बसले असते. पुन्हा हुक, पुन्हा फॉल, पुन्हा ती गॅलरी. तुम्ही शिडीवरून पडाल ही भीती असूनही मी खालून म्हणायचे, "डावीकडे जरा, अजून डावीकडे." हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला कळलं असावं असं मला वाटतं. कळलं नसतं तर तुम्ही ती शपथ बनवली नसतीत.

पुढच्या आठवड्यात तुम्ही फोन घेऊन बसलात. मी एकेक नंबर लावून द्यायचे आणि तुम्ही तेच सांगायचात. "माझी नजर गेली. आता मी येणार नाय. सून येईल. तिला विश्वासानी बोलवा, नायतर दुसरा माणूस बघा." काहींनी दुसरा माणूस बघितला. तुम्ही त्यांनाही "बराय" म्हणून फोन ठेवलात.

आणि मग, मी न मागता, तुम्ही मला स्प्रिंग शिकवलीत. अंबरनाथच्या आपल्या गाळ्यात तुम्ही एका जुन्या दरवाजाची चौकट उभी करून घेतलीत. खुर्ची टाकून बाजूला बसायचात. स्प्रिंगच्या समोर कधी उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. एक सळई पूर्ण बसल्याशिवाय दुसरी काढायची नाही. मी सळई घातली की तुम्ही आवाजावरून सांगायचात, "अर्धीच गेली. परत घाल." पाव फेऱ्या मोठ्याने मोजायला लावायचात. मी मोजताना चुकले की सगळा पीळ सोडून पहिल्यापासून. तीन महिने. माझ्या तळहाताला घट्टे पडले तेव्हा सासूबाईंनी रात्रीचं जेवण करायला मला बंदी केली आणि स्वतः भाकऱ्या थापायला लागल्या. एक दिवस तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, उठलात, दरवाजाला एका बोटाने खालून उचललंत. तो अलगद वर गेला आणि जिथे सोडलात तिथे थांबला. तुम्ही म्हणालात, "हां." तुमच्याकडून त्याच्यापुढे कौतुक कुणालाच मिळालं नसेल.

पवारांनीच पहिलं काम दिलं. तोच दरवाजा. तोवर त्यांनी दोर कुणाकडून तरी घाईत बदलून घेतला होता, फक्त डावा. मी उजवा बघितला आणि मला तो वरून खरंच चांगला दिसला. मग कोपऱ्यातली पकड सोडून बघितलं. सहा तारा तुटलेल्या होत्या. मी तुम्हाला हाक मारून सांगितलं नाही. दोन्ही काढले, दोन्ही नवे घातले. तुम्ही बाहेर झाडाखाली बसून नुसतं ऐकत होतात. शंकर कामावर परत आला होता. डावा हात अजून वर जात नव्हता त्याचा. तो लांब उभा राहून म्हणाला, "ताई, बघितला का नीट?" मी म्हणाले, "ये, तूच बघ." तो घाबरत घाबरत आला. मी त्याला कोपऱ्यात काय बघायचं ते दाखवलं, वरचं चाक दाखवलं. तेव्हापासून जिथे जाते तिथे दरवाजाखालून ये-जा करणाऱ्या माणसांना दाखवल्याशिवाय काम संपवत नाही. मालक कंटाळतात. कंटाळू देत.

हॉस्पिटलातले तीन दिवस मला नीट आठवत नाहीत. तुमच्या छातीत पाणी भरलं होतं, तोंडावर मास्क होता. शेवटचं बोलणं म्हणून लोक काहीबाही विचारतात. तुम्ही मास्क खाली ओढून विचारलंत, "बारवीकडं भात कापला का?" मी म्हणाले, चुलत्यांनी कापला. "पेंढा झाकला का?" झाकला. मग तुम्ही डोळे मिटलेत. गावाकडचं तुमचं अर्धा एकर शेत, त्याच्यासाठी तुम्ही एवढे कासावीस, आणि आम्ही त्याच्याकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं.

तेराव्यानंतर सगळे पाहुणे गेले तेव्हा मी महेशला सांगितलं. सकाळची वेळ होती, तो दाढी करत होता. मी म्हणाले, "अप्पांनी मला शपथ घातली नव्हती. ते खोटं होतं. मी माझ्यासाठी गप्प बसले." तो आरशातूनच माझ्याकडे बघत राहिला. फेस वाळायला लागला. मग त्याने विचारलं, "आईला सांगितलंस?" मी नाही म्हणाले. "मी सांगतो," म्हणाला. "ती मरेपर्यंत त्यांना बोल लावत राहील नाहीतर." त्याने तोंड धुतलं, सासूबाईंच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. त्याने मला माफ केलंय की नाही, ठाऊक नाही. सासूबाईंनी मात्र त्या संध्याकाळी तुमच्या फोटोचा हार स्वतः बदलला.

काल रविवार होता. मी वांगणीला उतरून शंकरच्या पाड्यावर गेले. त्याच्या घरी मी कधी गेले नव्हते. तुम्ही जायचात, सुरुवातीला दर रविवारी, नंतर जमेल तसं. गावाकडचे तांदूळ घेऊन जायचात, एवढंच आम्हाला माहीत होतं. शंकर ओट्यावर बसून जाळं विणत होता. डावा हात आता बराच वर जातो त्याचा, पूर्ण नाही. त्याची आई आतून आली. मी बसलेही नव्हते, उभ्यानेच बोलले. "त्या दिवशी अप्पांना दिसलं नाही. पण त्यांना दिसत नाही हे मला माहीत होतं. मी त्यांना एकटं जाऊ दिलं. चूक एकट्या त्यांची नव्हती."

शंकरने जाळं खाली ठेवलं. तो आईकडे बघायला लागला. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तुम्हाला पहिल्या दिवशी ती म्हणाली होती ना, "दिसत नव्हता तर कशाला आलास रं?" तुम्ही घरी येऊन सांगितलं होतंत की तिला जबाब देता आला नाही. मी तसंच काहीतरी ऐकायच्या तयारीत होते.

ती म्हणाली, "आमच्या वाट्याला चुकणारी मानसं लय आली, बाय. येऊन सांगनारा कुनी आला नाय. तुमच्या घरातनं दोघं आली."

मग आत वळली आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. मी निघते म्हणाले. शंकर म्हणाला, "ताई, असं नाही जाता येणार. ती सोडणार नाही." म्हातारीने माझ्यासमोर ताटली ठेवली. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. म्हणाली, "तुझा सासरा जेवल्याबिगर कधी उठला नाय हितनं. दोन भाकरी खायचा. बस."

अप्पा, दर रविवारी तुम्ही घरी येऊन हात धुवायचात आणि मी वाढलेलं सगळं ताट पुन्हा संपवायचात. मी विचारायचे, भूक लागली होती का? तुम्ही म्हणायचात, लय. आम्हाला एकदाही कळू दिलं नाहीत.

मी बसले. दोन भाकऱ्या खाल्ल्या.